पेट्रोलचा कॉक लावला होता का?

गाडी दुरुस्त होऊन आली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी सोसायटीचे सेक्रेटरी आमच्या दारात उभे. एका हातात दुधाची पिशवी, दुसरा हात नाकावर.

"तुमच्या गाडीने खाली केलंय," ते म्हणाले.

ज्या सुरात म्हणाले त्यावरून कोणालाही वाटलं असतं, मी कुत्रा पाळलाय. खाली जाऊन पाहिलं तर मोटरसायकलच्या पोटाखाली चांगलं परातीएवढं थारोळं. पेट्रोलचं. वर इंद्रधनुष्याचे रंगही होते. सौंदर्यदृष्टी असलेला माणूस तिथे क्षणभर थांबला असता. सेक्रेटरींची ती ख्याती नाही.

"हे बघा, कालच दुरुस्त करून आणलीय," मी म्हणालो.

"दुरुस्त नसताना गळत नव्हती," ते म्हणाले. हे अगदी खरं होतं, आणि खरं बोलणाऱ्या माणसाचा सकाळी सकाळी फार राग येतो.

ही मोटरसायकल मुळात सासरेबुवांची. माझ्या लग्नाहून सहा वर्षांनी मोठी. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या गुडघ्यांनी असहकार पुकारला, तेव्हा त्यांनी ती पोटच्या मुलाला न देता जावयाला दिली. मेहुण्याला ते अजून पचलेलं नाही. देताना सासरेबुवा म्हणाले होते, "सांभाळाल?" या वाक्यातलं प्रश्नचिन्ह मी त्या वेळी ऐकलं नव्हतं. आता जुन्या गाडीच्या फेरतपासणीची वेळ आली, तेव्हा त्यांनी फोनवर ते नीट सुटं करून सांगितलं. "तपासणीत पास झाली तर गाडी तुमच्या घरी, जावईबापू. नापास झाली तर धाकटा घेऊन जाईल. त्याच्याकडे निदान शेड आहे." तपासणीची तारीख मिळाली होती सतरा दिवसांनंतरचा गुरुवार. त्या दिवशी ते स्वतः हजर राहणार होते. शेडचे मालकही.

आणि नेमक्या याच मुहूर्तावर गाडीने किक मारून घ्यायला सुरुवात केली. चाळीस किका, मग एक खोकला, मग काळा धूर, मग पुन्हा शांतता. म्हणून मी तिला मिस्त्रीकडे नेलं होतं.

हा मिस्त्री हुशार आहे, फक्त तो हुशारी लपवत नाही. त्याने कार्बोरेटर उघडून माझ्यासमोर धरला. "ही खालची वाटी, साहेब. वाटी भरली की हा फ्लोट वर तरंगतो आणि ही बारीक पिन वरून येणारं पेट्रोल अडवते. तुमची पिन झिजलीय. पेट्रोल अडत नाही, वाटी भरून वाहते, प्लग ओला होतो, आणि तुमचा उजवा पाय दुखतो."

"पायाचं कसं कळलं?"

"लंगडत आलात ना."

मग त्याने ती पिन हलकेच घासून परत बसवली आणि म्हणाला, "नवीन मागवलीय. जुनं मॉडेल आहे, पंधरा दिवस धरून चाला. तोवर एकच करा. गाडी उभी केली की कॉक लावत जा. विसरू नका."

कॉक म्हणजे टाकीखालची ती बोटभर चावी, जिच्यातून पेट्रोल कार्बोरेटरमध्ये उतरतं. मी लगेच खिशातली वही काढून लिहिलं: 'गाडी उभी केल्यावर कॉक लावणे. रोज.' ऑफिसात आवक-जावक विभागात बावीस वर्षं काढलेला माणूस आहे मी. तोंडी सूचना मी तोंडी ठेवत नाही. जगात जेवढे घोटाळे होतात ते लिहून न घेतल्यामुळे होतात, असं माझं मत होतं. होतं.

तर त्या संध्याकाळी मी गाडी लावली, कॉक लावला, कुलूप लावलं आणि वर आलो. सकाळी थारोळं.

"मी बघू का?" बायको म्हणाली. "कॉलेजला चार वर्षं हीच गाडी चालवलीय मी."

"राहू दे. हे तांत्रिक आहे," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे पाहिलं आणि कपबशा विसळायला घेतल्या. आमच्या घरात कपबशांचा आवाज किती होतो त्यावरून विरोधात मतं किती पडली ते कळतं. त्या दिवशी मी पडलो.

मिस्त्रीकडे परत गेलो. त्याने पहिला प्रश्न विचारला, "कॉक लावला होता का?"

"लावला होता!"

"नक्की?"

"वहीत खूण आहे," मी म्हणालो आणि वही दाखवली. त्याने वहीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा कार्बोरेटर उघडला. फ्लोट काढून माझ्या कानाशी हलवला. "काही ऐकू येतंय?"

"नाही."

"मग भोक नाहीये. भोक असतं तर आत पेट्रोल खुळखुळलं असतं." तो विचारात पडला. मिस्त्री विचारात पडला की गिऱ्हाइकाने घाबरावं. त्याने पिन पुन्हा घासली, वाटीचं वायसर बदललं, सगळं बंद केलं आणि निरोपाचं वाक्य बोलला. "आणि कॉक लावत जा."

"रोज लावतो. न चुकता!"

दुसऱ्या दिवशीचं थारोळं जरा मोठंच होतं. वायसर नवीन असल्याचा परिणाम असावा.

आता या वेळेपर्यंत इमारतीत बातमी पसरली होती, बातमीच्या आधी वास पसरला होता, आणि या दोघांच्या मागोमाग शास्त्रज्ञ आले. हे पहिल्या मजल्यावर राहतात आणि चष्म्याच्या दुकानात काचा घासतात. एकदा त्यांनी लिफ्ट बंद पडण्याचा संबंध हवेच्या दाबाशी जोडला होता, तेव्हापासून त्यांचं हे नाव पडलं. त्यांनी उकिडवं बसून थारोळ्याचं निरीक्षण केलं.

"उतार," ते म्हणाले.

"काय?"

"फरशीला उतार आहे. गाडी तिरकी उभी राहते, फ्लोट तिरका होतो, पिन उघडी पडते. तोंड भिंतीकडे करून लावा."

मी तोंड भिंतीकडे करून लावली. सकाळी थारोळं भिंतीकडे झालं. मग त्यांनी कार्बोरेटरवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने तीन टिचक्या मारायला सांगितल्या, अडकलेली पिन सुटते म्हणून. मी तीन मारल्या, काही झालं नाही. त्यांनी सहा मारल्या, तेव्हा शेजारच्या गाडीचा अलार्म वाजला. मग गाडी एका बाजूला पूर्ण आडवी करून हलवायची, असं ठरलं. त्यात माझ्या विजारीचा डावा पाय पेट्रोलने भिजला आणि त्या दिवशी ऑफिसात माझ्या टेबलापासून सगळ्यांनी खुर्च्या लांब नेल्या. साहेबांनी तर काड्यापेटी खिशातून काढून खणात ठेवली. वहीत मी या माणसाच्या खाती एकूण अकरा सल्ले मांडले आहेत. त्यांतला एकही मी नाकारला नाही, याची मला आता जास्त लाज वाटते.

सेक्रेटरी एवढ्यावर गप्प बसणारे नव्हतेच. जिन्याखाली नोटीस लागली: 'सर्व सभासदांना कळविण्यात येते की, तळमजल्यावरील जागा वाहने उभी करण्याकरिता असून ज्वलनशील द्रवपदार्थांच्या साठवणुकीकरिता नाही. संबंधित सभासदाने खुलासा करावा.' संबंधित सभासद म्हणजे कोण हे लिहिलं नव्हतं, पण नोटिशीवरून एक बाण काढून माझ्या गाडीकडे वळवला होता. मी खुलासा केला. त्यांनी तो परत पाठवला, कारण तीन प्रतींत नव्हता. तीन प्रतींत दिला, तेव्हा म्हणाले की 'साठवणूक' हा शब्द मी खोडून 'गळती' केलाय, आणि मूळ नोटिशीतला शब्द बदलण्याचा अधिकार सभासदाला नाही. मी म्हणालो, साठवणूक असती तर मी आनंदात असतो. ते म्हणाले, हेही लिहून द्या.

तात्पुरता उपाय म्हणून मी गाडीखाली घरातला पसरट ट्रे ठेवू लागलो. तो ट्रे बायकोच्या आत्याने लग्नात दिला होता, हे मला ट्रे खाली गेल्यावर कळलं. कपबशा त्या दिवशी फार वाजल्या.

तिसऱ्या फेरीला मिस्त्रीने मला दुरूनच पाहिलं आणि हातातला पाना खाली ठेवला.

"कॉक..."

"लावला होता!" मी ओरडलो. रस्त्यावरची दोन माणसं थांबली. "रोज लावतो! संध्याकाळी लावतो, जेवायच्या आधी परत खाली येऊन बघतो लावलाय की नाही! आणखी काय करू, त्याच्याजवळ बसून राहू?"

"मग साहेब, गळणार कुठून?" तो शांतपणे म्हणाला. "कॉक लावला तर पेट्रोल येणार कुठून?"

हे वाक्य मी नीट ऐकलं असतं तर ही कथा इथेच संपली असती. पण अपमान झालेल्या माणसाला प्रश्न ऐकू येत नाहीत, फक्त सूर ऐकू येतो. याला माझ्या शब्दावर विश्वास नाही, एवढंच मला ऐकू आलं. मी गाडी ढकलत घरी आणली आणि जाहीर केलं की रविवारी कार्बोरेटर मी स्वतः उघडणार.

"मी बघू का?" बायको म्हणाली.

"हात लावू नकोस कशाला," मी म्हणालो.

रविवारी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरून मी कार्बोरेटर उघडला. उघडणं सोपं असतं. सोपं असल्यामुळेच एवढी माणसं त्यात पडतात. चार स्क्रू काढले, वाटी सुटली, फ्लोट सुटला, आणि फ्लोट ज्या अर्ध्या काडीएवढ्या खिळीवर झुलतो ती खिळी टेबलावरून टुणकन उडून गेली. कुठे गेली ते आवाजावरून ठरवायचं म्हटलं तर ती एकाच वेळी चार ठिकाणी वाजली.

पुढचा दीड तास आमचं कुटुंब गुडघ्यांवर होतं. मी कपाटाखाली, बायको फ्रीजखाली आणि नेमके त्याच वेळी 'कुठवर आलं?' म्हणून आलेले शास्त्रज्ञ खोलीच्या मधोमध उभे राहून ध्वनी कसा परावर्तित होतो ते सांगत होते. झाडू झाला, विजेरी झाली, लोहचुंबक झालं. चहा झाला, त्याला पेट्रोलचा वास आला. शेवटी कंटाळून शास्त्रज्ञ घरी गेले आणि पाचव्या मिनिटाला परत आले. खिळी त्यांच्या चपलेच्या टाचेत रुतून बसली होती.

"मी सापडवून दिली," ते म्हणाले.

मी सगळं पुसलं, फुंकलं, बसवलं. गाडी खाली नेली. किक मारली, बाविसाव्या किकेला चालू झाली. मी गाडी लावली, कॉक लावला, वहीत खूण केली. सोमवारी सकाळी ट्रे काठोकाठ.

त्या संध्याकाळी मेहुण्याचा फोन आला. हा माणूस एरवी फोन करत नाही.

"भावोजी, कसं काय? ऐकलं, ट्रे वगैरे ठेवताय."

"कोणी सांगितलं?"

"ताई बोलता बोलता म्हणाली. नाही, मी काय म्हणतो, जमत नसेल तर उगीच त्रास कशाला करून घेता? मी शेडमध्ये जागा करून ठेवलीय. झाडून वगैरे."

हे 'झाडून वगैरे' मला फार लागलं. जिवंत माणसासाठी खड्डा खणून ठेवावा आणि वर तो सारवूनही ठेवावा, तसं. फोन ठेवल्यावर मी खाली जाऊन गाडीच्या टाकीवर नुसता हात ठेवून उभा राहिलो. टाकीवर डाव्या बाजूला एक पोचा आहे. तो कुठला, हे मी कधी विचारलं नव्हतं. दोन वर्षं पुसत मात्र होतो. गाडी माझी नाही असं सगळे म्हणत होते, आणि मला ती पहिल्यांदाच माझी वाटत होती. मग मी कॉक तपासला. लावलेला होता.

गुरुवार उजाडला. सासरेबुवा बुधवारीच येऊन आमच्याकडे उतरले होते. ते आणि बायको रिक्षाने, मी गाडीवर, असे तपासणी कार्यालयाच्या आवारात पोहोचलो. मेहुणा आधीच आला होता. टेम्पो घेऊन. टेम्पोत दोरही होता.

"सहज आणलाय," तो म्हणाला.

खिडकीतल्या कारकुनाने कागद पाहिले. चेसिस नंबरचा पेन्सिलने घेतलेला ठसा त्याने उजेडाकडे धरला. "ठसा कागदाच्या डावीकडे हवा. तुमचा उजवीकडे आहे."

"तुम्ही मागच्या बाजूने बघताय."

त्याने कागद उलटला. "आता डावीकडे आला, पण आधी उजवीकडे होता," असं म्हणून त्याने मला नव्याने ठसा घ्यायला लावलं. आवक-जावकमधला माणूस म्हणून मी त्याचं कौतुकच केलं. बावीस वर्षांत हे मला सुचलं नव्हतं.

"गाडी रांगेत लावा. नंबर लागला की साहेब येतील."

मी गाडी रांगेत लावली. कॉक लावला. पुढे अठरा गाड्या होत्या. पाऊण तास गेला आणि गाडीखाली पहिला थेंब पडला. मग दुसरा. मग त्यांनी मोजण्यासारखं काही ठेवलं नाही. मी थारोळ्यावर पाय ठेवून उभा राहिलो, पण माझा पाय काही परातीएवढा नाही.

तपासणी साहेब आले. जाडजूड, चष्मा कपाळावर. त्यांनी खाली पाहिलं. "हे काय?"

"पेट्रोल," मी म्हणालो. खोटं बोलायला वाव नव्हता.

"गळती. नापास." त्यांनी पेन काढलं. मेहुण्याने दोर काढला.

सासरेबुवा काठी टेकत पुढे आले. "एक मिनिट, साहेब. जावईबापू, उभ्या गाडीचा कॉक लावायचा असतो."

"लावलाय, बाबा," मी म्हणालो. "सतरा दिवस लावतोय."

"मग गळेल कसं?"

"दाखवा," बायको म्हणाली.

"काय दाखवा?"

"कसा लावलाय ते दाखवा."

मी वाकलो आणि चावीवर बोट ठेवलं. "हा बघ. पूर्ण चालू."

मेहुण्याने दोर उलगडायचं थांबवलं.

"चालू?" बायको म्हणाली.

"म्हणजे काय! लावलाय म्हणजे चालूच असणार. पूर्वी मी आपला उगीच बंद करायचो, सवय म्हणून. मिस्त्रीने सांगितलं तेव्हापासून रोज चालूवर घट्ट दाबून लावतो."

"अहो, लावा म्हणजे बंद करा!"

"दिवा लाव म्हटलं की विझवतेस का तू घरात?"

"आणि दार लावा म्हणजे उघडता का?"

मी तोंड उघडलं. ते कोणीतरी लावायला हवं होतं.

यानंतर त्या आवारात जे झालं त्याची नोंद कुठल्याही कार्यालयात नाही. रांगेतला पहिला स्कूटरवाला म्हणाला, बाईंचं बरोबर आहे, खिडकी लावतो म्हणजे बंदच करतो. मागचा म्हणाला, पण पंखा लावतो, रेडिओ लावतो, तो काय बंद करतो? कारकून खिडकीतून डोकं काढून ओरडला, "नळ कोणी लावत नाही, सोडतात आणि बंद करतात! हा नळच आहे!" मेहुणा म्हणाला, भावोजींचं डोकं लावलेलं आहे की बंद, ते आधी ठरवा. मी मिस्त्रीला फोन लावला. त्याने ऐकून घेतलं आणि तो म्हणाला, "साहेब, मी दोन वेळा वाटी उघडली, वायसर बदललं, फ्लोट कानाला लावला. तुम्ही एकदा नुसतं 'चालू' म्हणाला असतात तर?"

तपासणी साहेबांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला. "भाषेची तपासणी माझ्याकडे नाही," ते म्हणाले. "जेवणाच्या सुट्टीनंतर तीनला येतो. तेव्हा गळत असेल तर नापास. चालू झाली नाही तरी नापास."

बायकोने पदर खोचला. कॉक लावला, म्हणजे बंद केला. पिशवीतून पाना काढून ओला प्लग खोलला. पाना तिच्या पिशवीत कुठून आला हे विचारण्याची माझी पत उरली नव्हती. प्लग पुसून उन्हात ठेवला. वाटीच्या तळाचा स्क्रू सैल करून साचलेलं पेट्रोल काढून टाकलं. अंगणात वाळवण घातल्यासारखी ती निवांत बसून राहिली, आणि सासरेबुवा तिच्या शेजारी बसून पोच्याकडे बोट दाखवून हसत होते. तो पोचा तिने पाडला होता, एका गेटावर, पहिल्या वर्षाच्या परीक्षेच्या दिवशी. मला दोन वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं.

तीनला साहेब आले. फरशी कोरडी. बायकोने प्लग बसवला, कॉक उघडला, चार श्वास थांबली.

"चोक ओढ," मी म्हणालो.

"आधीच बुडालेल्याला आणखी पाणी पाजू?" ती म्हणाली. चोक तसाच ठेवून तिने रेस पूर्ण पिळली आणि एकच किक मारली.

गाडी चालू झाली. एक काळा ढेकर, मग स्वच्छ, एका लयीत. रांगेतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मेहुणा दोर गुंडाळू लागला, पण सावकाश, अजून काही होईल या आशेने. साहेबांनी दिवे पाहिले, ब्रेक पाहिले, धूर पाहिला. मग फॉर्मवर सही केली आणि शेऱ्याच्या रकान्यात स्वच्छ अक्षरांत लिहिलं: 'पास. उभी असताना कॉक बंद ठेवावा. (बंद म्हणजे बंद.)' हा कागद आता त्या गाडीसोबत आयुष्यभर राहणार आहे.

सासरेबुवांनी चावी हातात घेतली. मी हात पुढे केला.

"मी काय म्हणालो होतो?" ते म्हणाले. "पास झाली तर गाडी तुमच्या घरी. तुमच्या घरीच राहील." आणि चावी लेकीच्या हातात ठेवली.

घरी परतताना मी मागे बसलो. तिची पर्स मांडीवर घेऊन. सोसायटीच्या फाटकात सेक्रेटरी होते, शास्त्रज्ञ होते. शास्त्रज्ञ म्हणाले, "मी म्हणालोच होतो, गाडी तिरकी लावू नका." मी पर्स सावरत जिना चढलो.

नवी पिन पुढच्या आठवड्यात आली. मिस्त्रीने बसवली, आता कॉक उघडा राहिला तरी थेंब पडत नाही. तरीही रोज संध्याकाळी ती गाडी लावून जिना चढायला लागली की मला राहवत नाही. मी वरच्या कठड्यावरून विचारतोच, "कॉक लावलास का?"

ती जिन्यात थांबते आणि म्हणते, "तुमच्या अर्थाने की माझ्या?"